प्रेमकथा स्पर्धेला पाठवण्याआधी: उपप्रकार कसा ठरवायचा आणि गुण कुठे मिळतात

जुलैभर माझ्या पडवीतल्या टेबलावर कथांचा गठ्ठा असतो आणि बाहेर पागोळ्यांची धार. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाच्या कथास्पर्धेचा निकाल दिवाळीत लागतो, पण वाचायचं काम पावसात चालतं. त्यातल्या प्रेमकथा विभागाची पहिली चाळणी गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. हल्ली बऱ्याच कथा ईमेलने येतात, तरी मी सगळ्या छापून घेते. हातात पेन्सिल नसली तर माझं वाचन वरवरचं होतं.

दोन वर्षांपूर्वी हर्णै बंदरावरची एक कथा आली. संध्याकाळचा लिलाव, ओल्या वाळूतून मासळी ओढणाऱ्या बैलगाड्या, बापाच्या आजारपणात होडी सांभाळणारी मुलगी आणि तिला डिझेल उधार मिळवून देणारा एक तरुण. वाचताना बोटांना खारा वास येईल अशी भाषा. तरीही ती पहिल्या फेरीतच बाद झाली. अर्जावर 'प्रेमकथा' या चौकटीत खूण होती. तो तरुण मात्र सोळा पानांत जेमतेम चार पानं दिसत होता, आणि तो नसता तरी मुलीने होडी वाचवलीच असती. खुल्या विभागात तीच कथा पहिली आली असती असं मला आजही वाटतं. पण विभाग बदलायची मुभा आम्हा वाचणाऱ्यांना नव्हती.

त्या कथेसाठी मी हळहळले, आणि तेव्हापासून कोणी विचारलं की हेच सांगते: प्रेमकथेचा उपप्रकार (समकालीन, ऐतिहासिक, रहस्यप्रधान, गूढ वगैरे) म्हणजे वाचकाला दिलेला शब्द. परीक्षक गुण देतो ते हा शब्द पाळला की नाही याचे. उत्तम लिहिणारी माणसं मागे पडतात ती बहुतेक वेळा इथेच.

पहिली पायरी: पत्रकातला 'प्रेमकथा' हा शब्द नीट वाचा

मराठीत प्रेमकथा म्हटलं की विरह, त्याग, ताटातूट हे सगळं तिच्या पोटात येतं. आपली परंपराच तशी मोठी आहे. 'कादंबरी' हा शब्दसुद्धा बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत प्रेमकथेच्या नायिकेचा. त्या कथेत प्रेमिकांना एकत्र यायला एक जन्म पुरत नाही. त्यामुळे मराठी स्पर्धेत 'प्रेम या विषयावर कथा पाठवा' असं म्हटलं असेल तर रडवणारा शेवटही चालतो.

इंग्रजी जगात 'रोमान्स' हा शब्द जास्त काटेकोर आहे. ब्रिटनमधली रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन १९६० साली स्थापन झाली, अमेरिकेतली रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका १९८० साली. अमेरिकेतल्या संस्थेने या प्रकाराच्या दोनच अटी सांगितल्या: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. लग्नच व्हायला पाहिजे असं नाही. दोघं आज एकमेकांची आहेत आणि उद्याही असतील असा भरवसा वाचकाला वाटला की झालं. पण नायक शेवटच्या पानावर बुडाला, तर कथा कितीही सुंदर असली तरी ती या विभागातली राहत नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या स्पर्धांतही, विशेषतः प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन कथा-मंचांवर, 'रोमान्स' हा शब्द याच दुसऱ्या अर्थाने वापरला जातो. तेव्हा पत्रकात 'रोमान्स', 'सुखान्त', 'सकारात्मक शेवट' यातलं काही आहे का ते शोधा. स्पष्ट नसेल तर आयोजकांना फोन करून विचारा: शेवटी दोघं वेगळी झाली तर चालेल का? असं विचारल्याने कोणाचे गुण कमी झालेले मी पाहिलेले नाहीत.

दुसरी पायरी: दोनदा काढून बघा

कौलारू घराचं आढं काढलं तर वासे, रिपा, कौलं सगळं खाली येतं. खिडकी बुजवली तर घर उभं राहतं, आत अंधार होतो इतकंच. आपल्या कथेतलं प्रेम आढं आहे की खिडकी, हे आधी तपासा. कागदावर कथेचे प्रसंग एकेका ओळीत लिहा आणि प्रेमाशी संबंध असलेल्या ओळी खोडा. उरलेल्या ओळींतून सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली गोष्ट तयार होत असेल, तर तुमची कथा प्रेम असलेली सामाजिक कथा आहे. तिला खुल्या विभागात पाठवा. त्यात कमीपणा काही नाही.

आता उलटं करा. प्रेम ठेवा आणि ज्याच्या जोरावर तुम्ही उपप्रकार ठरवताय ते काढा: जुना काळ, खून, भूत, देवाधर्माचा धागा. ते काढूनही दोघांची गोष्ट तशीच घडत असेल तर तो उपप्रकार तुमचा नाही. १९४० साल लिहिलंय म्हणून कथा ऐतिहासिक होत नाही. ते साल नसतं तर या दोघांपुढची अडचणच उरली नसती, असं असेल तर होते.

मी नव्या लिहिणाऱ्यांना एक वाक्य पुरं करायला देते: 'ही दोघं एकत्र येऊ शकत नाहीत, कारण...' कारण तो मुंबईला परत गेला नाही तर नोकरी जाईल आणि ती गेली तर आंब्याची बाग विकावी लागेल: ही समकालीन. कारण गावात बुडालेल्या माणसाच्या मृत्यूबद्दल तिच्या भावावर संशय आहे आणि पुरावा नायकाच्या हातात आहे: ही रहस्यप्रधान. कारण तिचं नाव विहिरीवरच्या शंभर वर्षं जुन्या दगडावर कोरलेलं आहे: ही गूढ. 'कारण'नंतर जे येतं तिथे कथेची गाठ असते, आणि गाठ जिथे तिथेच उपप्रकार. दोन गाठी असतील तर जी शेवटी सुटते ती धरा.

तिसरी पायरी: त्या उपप्रकाराने कोणता शब्द दिला आहे ते समजून घ्या

समकालीन प्रेमकथा सर्वांत जास्त येतात आणि सर्वांत जास्त पडतात, कारण आजच्या जगात दोन सज्ञान माणसांना खरोखर अडवणारं कारण शोधणं कठीण असतं. गैरसमज हे कारण पुरत नाही. एका फोनने जी गाठ सुटते ती मुळात गाठच नसते, आणि 'रेंज नव्हती' हे कोकणात खरं असलं तरी त्यावर पंधरा पानं उभी राहत नाहीत. आपल्या भागात खऱ्या अडचणी पायलीने आहेत. सामायिक घर, सातबाऱ्यावर मुंबईत विखुरलेल्या सगळ्या चुलत्यांची नावं, आणि घर राखत एकटी राहिलेली मुलगी. मार्च ते मेपर्यंत बागेतून हलता न येणारा माणूस आणि नेमकी तेव्हाच सुट्टी मिळणारी चाकरमानी. धर्म वेगळा असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस. त्या तीस दिवसांत गावात काय काय होऊ शकतं याचा विचार करा. एक अख्खी कथा त्या नोटिशीच्या कागदात आहे. समकालीन कथेत परीक्षक बघतो की अडचण खरी आहे का, आणि दोघांनी ती स्वतः सोडवली की लेखकाने अपघात घडवून सोडवून दिली.

ऐतिहासिक प्रकाराबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे आपल्या किनाऱ्याकडे अमाप आहे आणि चुकाही तितक्याच होतात. परीक्षक पहिल्यांदा कालविसंगती पकडतो. एका कथेत १९७२ साली नायक कणकवलीला रेल्वेने उतरला होता. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. त्याला एसटीने किंवा बोटीने यावं लागलं असतं, आणि पावसाळ्यात रत्नागिरी, मालवणकडच्या बोटी बंद असायच्या. म्हणजे जून ते नारळी पौर्णिमेपर्यंतचा विरह तुम्हाला आयता मिळतो. लेखकाने रेल्वे आणली आणि तो विरह घालवला. दुसऱ्या एका कथेत १९६५ साली नायिकेच्या पत्रावर 'जिल्हा सिंधुदुर्ग' होतं. तो जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. पोर्तुगीज यायच्या आधीच्या काळात काजूची बाग दाखवली तरी तेच, काजू त्यांनी आणला.

तारखा जुळल्या म्हणजे काम झालं असंही नाही. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्या काळातल्या दोघांची कथा लिहायची तर पहारा, भाषा, दर्जा, परवानगी यांनी त्यांचं भेटणं कसं ठरत होतं ते दिसायला हवं. नुसता राजवाडा मागे ठेवला तर तो नाटकाचा पडदा होतो. आणि वयाचा प्रश्न टाळू नका. मुलींचं लग्नाचं किमान वय चौदा करणारा शारदा कायदासुद्धा १९२९ चा. त्याआधीच्या काळातली कथा असेल तर नायिका प्रौढ, स्वतःचं मन असलेली कशी असेल याचा मार्ग तुम्हाला शोधावा लागेल: विधवा, शिक्षिका, परिचारिका, कलावंतीण. बालिकेच्या लग्नाला प्रेमकथा म्हटलं तर मी गुण देत नाही, आणि कोणी देऊ नये असं मला वाटतं.

काळाचा अन्याय प्रेमाने धुऊन काढायचा मोह हाही धोका. २०२१ साली अमेरिकेतल्या त्याच रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका संस्थेने एका कादंबरीला पुरस्कार दिला. तिच्यातला नायक १८९० च्या वूंडेड नी इथल्या लाकोटा आदिवासींच्या हत्याकांडात सामील होता. वाचक संतापले आणि संस्थेला पुरस्कार मागे घ्यावा लागला. खोतीच्या काळातला खोत, सावकार, शिकारी साहेब यांना नायक करताना हे मनात ठेवा. ज्यांचं नुकसान झालं ती माणसं कथेत कुठे आहेत, हे परीक्षकाने विचारलंच पाहिजे.

रहस्यप्रधान प्रेमकथेत दोन धागे एकमेकांत विणलेले हवेत: शोध पुढे सरकला की नातं बदलायला हवं, नातं बदललं की शोधाला वळण मिळायला हवं. खुनी सापडल्यावर 'आता आपण लग्न करू' असं आलं तर ते दोन धागे आहेत, पण वेणी नाही. पुरावा आपल्या जागेतून काढा. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. जूनमधल्या अमावास्येला खाडीच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज ऐकू आला, यात बंदराकाठच्या माणसाला सगळं कळतं. हा आवाज तिने ऐकला आणि ती बोट त्याच्या घरातली असली, तर रहस्य आणि प्रेम एकाच ओळीत अडकले.

गूढ किंवा अद्भुत प्रेमकथा हा कोकणाचा हक्काचा प्रकार. आपण देवचार, राखणदार, गिऱ्हा, मुंजा अशा भुताखेतांच्या आणि राखणदारांच्या गोष्टी ऐकत मोठे झालो. पण कथा लिहिताना आपण समजून चालतो की वाचकालाही सगळं माहीत आहे. नियम सांगा. तो कुठवर येऊ शकतो, कशाने अडतो, त्याच्याशी नातं जोडणाऱ्या माणसाला काय मोजावं लागतं? आणि एकदा घातलेला नियम शेवट गोड करायला मोडू नका. गूढ कथा गुण गमावते ती बहुधा शेवटच्या दोन पानांत. सुखान्त हवा आणि एकजण या जगातला नाही, हे अवघड कोडं सुरुवातीलाच पेरलेल्या एखाद्या पळवाटेने सुटलं तर वाचक जिंकतो.

आणखी एक, हे मी कळकळीने सांगते. आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठमोठ्या वहाणा वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. झिजलेला तळवा हा तपशील कोणत्याही लेखकाला मोह घालेल. घ्या, पण ज्या घरात आज त्याच्यापुढे केळी ठेवली जातात त्या घरातल्या आजीने वाचलं तर तिला काय वाटेल हे आधी स्वतःला विचारा. लोकांच्या जिवंत श्रद्धेतल्या दैवताला नायक करण्यापेक्षा त्या श्रद्धेत वाढलेल्या माणसाला नायक करा. कथा जास्त खरी होते.

बाकीचे थोडक्यात. आध्यात्मिक धाग्याच्या प्रेमकथेत श्रद्धेने पात्राचा निर्णय बदलला पाहिजे. गाऱ्हाणं घातलं आणि अडचण गेली, एवढ्याने भागत नाही. किशोरवयीन कथांत पहिल्या ओढीचा गोंधळ खरा हवा, शेवट जन्माच्या गाठीचा नको, आणि अठराच्या आतल्या पात्रांमध्ये शारीर प्रसंग कदापि नको. शृंगारप्रधान कथा फार थोड्या स्पर्धा घेतात. घेत असतील तर तिथेही कसोटी एकच, त्या प्रसंगानंतर दोघांमध्ये काही बदललं का. संमती स्पष्ट हवी, सगळ्याच प्रकारांत. नकार देणाऱ्या मुलीच्या मागे महिनाभर फिरणारा नायक अजूनही आमच्याकडे दरवर्षी येतो आणि दरवर्षी पडतो.

चौथी पायरी: गुणपत्रिका समोर ठेवून स्वतःला गुण द्या

आमची गुणपत्रिका पन्नासची आहे. दोन मुख्य पात्रं आणि त्यांच्यातली ओढ यांना १५, गाठीला १०, शेवटाला १०, भाषेला १०, उपप्रकाराचा शब्द पाळण्याला ५. इतर ठिकाणी आकडे वेगळे असतील, घटक साधारण हेच असतात. ते पाच गुण कमी वाटले तरी फसू नका. उपप्रकार चुकला की शेवटाचे आणि गाठीचेही कापले जातात, कारण वाचणारा वेगळ्याच गोष्टीची वाट बघत असतो. काही मोठ्या स्पर्धांत तर हे गुणांत धरतच नाहीत. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकाच्या रिटा पुरस्कारात परीक्षकांना थेट विचारलं जाई: प्रेमकथा केंद्रस्थानी आहे का, शेवट समाधानाचा आणि आशेचा आहे का, पुस्तक या विभागात बसतं का? तिथे नकार आले की पुस्तक बाद होऊ शकत असे, मग भाषा कितीही चांगली असो.

पंधरापैकी आठ कोणाला आणि तेरा कोणाला? 'ती सुंदर होती, तो देखणा होता, दोघांची नजर भिडली' याला आठ, तेही उदार मनाने. तेरा मिळतात ते या माणसाला हीच का, याचं उत्तर कथेत असेल तेव्हा. एका कथेत नायिका रोज बाजारातून येताना एका म्हाताऱ्याची टोपली फेरीबोटीवर चढवून देते आणि नायक तिकिटं फाडतो. सात दिवस तो बघतो, आठव्या दिवशी टोपली आधीच चढलेली असते. दोघं एकमेकांशी एक शब्दही बोललेली नाहीत. मी तिला चौदा दिले.

हर्णैच्या त्या कथेला माझ्याकडून पात्रांसाठी सहा मिळाले होते, आणि ते का हे मी शेऱ्यात लिहिलं होतं: तरुणाला स्वतःचं काही हरवायचं नाही. तो उधार मिळवून देतो आणि बाजूला होतो. त्याने शब्द टाकून मिळवलेली ती उधारी त्याच्या भावाच्या नावावर असती, भावाला त्याच आठवड्यात पैसे लागले असते, तर त्याला निवड करावी लागली असती आणि तिला त्याच्याकडे नव्याने बघावं लागलं असतं. तुमच्या कथेत दोघांपैकी कोण काय गमावू शकतं हे दोन वेगळ्या ओळींत लिहा. एक ओळ रिकामी राहिली तर तिथेच काम करायचं.

परीक्षकांत मतभेद होतात आणि ते निरोगी आहे. समजा एका कथेला तिघांनी ३८, ३९, ३८ दिले आणि दुसरीला ४८, ४६, २४. सरासरी पहिलीची ३८.३३, दुसरीची ३९.३३. पहिली कोणालाच खटकली नाही, कोणाला आवडलीही नाही. दुसरीने दोघांना जिंकलं आणि एकाला चिडवलं. आमच्याकडे दोन परीक्षकांत बारापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला की चौथ्याकडे कथा जाते. काही स्पर्धांत सर्वांत कमी गुण सोडून देतात. हे नियम आधी माहीत असतील तर कथेच्या धारदार जागा घासून गुळगुळीत करायचा मोह आवरता येतो. तिघांना बरी वाटावी म्हणून लिहू नका.

पाचवी पायरी: बोलीचं काय करायचं

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो: मालवणीत, आगरीत, कोकणी मुसलमानांच्या बोलीत, संगमेश्वरी वळणात लिहिलं तर शहरातल्या परीक्षकाला कळेल का?

संवाद बोलीत ठेवा, निवेदन तुम्हाला सोसेल त्या मराठीत. अनोळखी शब्दाचा अर्थ प्रसंगातून कळू द्या, कंसात देऊ नका. बोलीत प्रेम वेगळ्याच वाटेने बोलतं, त्याचा फायदा घ्या. दिवसभर अबोला धरलेल्या नवऱ्याने रात्री पडवीतून 'जेवलंस काय?' एवढंच विचारलं तर मालवणी वाचकाला माफी, काळजी, ओढ सगळं ऐकू येतं. तिथे 'मी तुझ्यावर प्रेम करतो' हे वाक्य टाकलंत तर पात्रं घर सोडून निघून जातील.

परीक्षकाची बाजूही सांगते. 'कथा चांगली आहे, पण या माणसांशी मला जोडून घेता आलं नाही' हा शेरा मी सहपरीक्षकांच्या कागदांवर पाहिला आहे, आणि तो बहुतेक वेळा कोळीवाड्यातल्या किंवा कुणबी वाडीतल्या पात्रांबद्दल असतो. वाड्यातल्या पात्रांबद्दल क्वचित. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. रिटा हे नाव त्या पुरस्कारांना १९९० पासून होतं, आणि तो मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका झाल्या २०१९ साली: केनेडी रायन आणि एम. मलोन. हा पुरस्कार देणारी संस्था उभी करण्यात पुढाकार होता तो मात्र व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिकेचा. २०२० चे पुरस्कार वादामुळे रद्द झाले आणि पुढे पुरस्काराला स्टीफन्स यांचंच नाव दिलं गेलं.

तुम्ही परीक्षक असाल तर असा शेरा लिहिण्याआधी कथेतली ती जागा दाखवा जिथे लेखक कमी पडला. दाखवता आली नाही तर कमीपणा वाचणाऱ्याचा आहे, गुण कापू नका. तुम्ही लेखक असाल आणि असा शेरा आला, तर त्यासाठी पात्रांचं गाव बदलू नका.

सहावी पायरी: पहिली दोन पानं आणि सारांश

कादंबरीच्या स्पर्धांत बहुधा सुरुवातीची काही प्रकरणं आणि सारांश मागतात. पहिली फेरी वाचकांची किंवा लेखकांची असते, अंतिम फेरी संपादकांची. म्हणजे तुमची पहिली दोन पानं एखाद्या थकलेल्या माणसाच्या हातात पडतात, ज्याने त्या दिवशी आधीच पाच वाचली आहेत. समुद्र, नारळाची झाडं आणि मावळतीचा सूर्य यांनी सुरू होणाऱ्या कथा गठ्ठ्यात इतक्या असतात की सहावा सूर्य मला दिसत नाही. दोघांपैकी एकाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळत नसतं, तिथून सुरू करा. समुद्र मागून येईलच. दुसरं मुख्य पात्र शक्यतो तिसऱ्या पानाच्या आत यावं, प्रत्यक्ष नाही तर निदान कोणाच्या तरी बोलण्यात.

सारांशात रहस्य राखू नका. 'पुढे काय होतं हे वाचकानेच वाचावं' असं लिहिलेला सारांश आला की मला शेवटाचे गुण देताच येत नाहीत. दोघं कोण, गाठ कुठली, मध्ये काय तुटतं, कोण काय सोडून देतं आणि शेवटी कुठल्या भरवशावर एकत्र येतात, एवढं एका पानात सरळ सांगा.

सातवी पायरी: पाठवताना

शब्दमर्यादा म्हणजे मर्यादा. युनिकोडमध्ये टंकलेखन करा. जुन्या फॉन्टमधली फाईल आमच्याकडे उघडली की जोडाक्षरांची रांगोळी होते. नाव, गाव, फोन कथेच्या पानांवर कुठेही नको, फाईलच्या नावातही नको, कारण नाव झाकूनच कथा वाचल्या जातात. पाठवण्याआधी कथा कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या, स्वतः वाचू नका. वाचणारा जिथे अडखळेल तिथे खूण करा. संवादांत हे लगेच कळतं.

निकालानंतर शेऱ्यांचे कागद मिळत असतील तर जरूर मागून घ्या. पहिल्या दिवशी नुसते वाचा आणि ठेवून द्या. आठवड्याने पुन्हा काढा आणि प्रत्येक शेऱ्यासमोर लिहा की तो गाठीबद्दल आहे, पात्रांबद्दल की उपप्रकाराबद्दल. तीनपैकी दोघांनी एकाच घटकावर बोट ठेवलं असेल तर उपाय त्यांनी सुचवला तोच करायची गरज नाही, पण दुखणं तिथेच आहे. मग 'ही दोघं एकत्र येऊ शकत नाहीत, कारण...' ते वाक्य कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा, जुनं न बघता. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा. ती वेगळी निघाली तर कथा कुठल्या वाक्याची आहे हे ठरवा, आणि मगच मूळ फाईल उघडा.